आडवा, उभा आणि बैठा

"आडवा न्हाय पायजे," तात्या म्हणाले. "उभाच द्या."

तात्या म्हणजे दूध संस्थेचे चेअरमन. संस्था पणदऱ्याच्या पुढं एका वाडीवर. मी बारामतीहून एम-एटी स्कूटरवर दोन रिकामे कॅबिनेट बांधून आणले होते. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा. आतलं सामान तेच, डबा तेवढा निवडायचा. नव्वदच्या दशकात बारक्या जागेसाठी आमच्याकडं दोनच प्रकार असायचे. एक चपटा, टेबलावर आडवा पडतो आणि त्याच्या डोक्यावर मॉनिटर बसतो. त्याला डेस्कटॉप म्हणायचं. दुसरा मिनी टॉवर, तो उभा राहतो.

जागा बघून मी आडवा सांगितला होता. टेबल हातभर. त्यावर दुधाचं फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा भाव ठरतो ती स्निग्धता, मोजायचं यंत्र आणि प्रिंटर. मिनी टॉवर वर मावत नव्हता, म्हणजे तो खाली फरशीवर जाणार. आणि दूध संकलनाची फरशी दोन्ही वेळा पाइप लावून धुतात. न धुतली तर वास मारते. हे सगळं मी तात्यांना सांगितलं.

"ते खरं हाय," तात्या म्हणाले. "पण इलेक्शन तोंडावर हाय. दारातनं आत आलं की पयला कॉम्प्युटर दिसणार, त्यो आडवा. लोक म्हणतील चेअरमन आडवा झाला. इंदापूरला माझ्या साडूच्या पतसंस्थेत बी उभाच हाय."

"तिथं कुणी फरशीवर पाणी मारत नाही, तात्या."

"मग तुमी पाणी लागणार न्हाय आसा उभा द्या की."

डायरेक्टर मंडळींनी माना डोलावल्या. तात्या 'म्हैस उडते' म्हणाले असते, तरी त्यांनी पंख कुठल्या बाजूला आहेत एवढंच विचारलं असतं.

खरी काळजी होती ती सुमनला. सुमन त्याच वाडीची. बारामतीला कोर्स करून आली होती. तिच्यापुढं अट होती: महिनाभर मशीन नीट चाललं तर नोकरी कायम, नाहीतर पहिल्यासारखी वही, आणि वही लिहायला तात्यांचा भाचा. त्या भाच्याच्या वहीत वाडीतल्या सगळ्या म्हशींचं फॅट एकाएकी उतरायचं, फक्त तात्यांच्या गोठ्यातल्या म्हशी तेवढ्या गुणाच्या निघायच्या. सुमन मला हळूच म्हणाली, "दादा, आडवाच बसवा की." मी काय करणार? गिऱ्हाईक तात्या होते. उभा बसवला, टेबलाखाली दोन विटा टाकून. तात्यांनी स्वतः हार घातला.

आठवडाभरातच एसटीडी बूथवरून तिचा फोन आला. कॉम्प्युटर बंद. तात्या सगळ्यांसमोर म्हणतायत, पोरीनं बिघडवला.

मी पोचलो तेव्हा किटल्यांची रांग दाराबाहेर गेली होती. भाचा वही आणि पेन घेऊन तयारच बसला होता. सुमनचा चेहरा उतरलेला. तात्या म्हणाले, "मी म्हणलंच हुतं, पोरीबाळींचं काम न्हाय ह्ये."

माझं टाळकं सरकलं. डबा उचलून दारात आणला, स्क्रू काढले आणि सगळ्या रांगेदेखत तिरका केला. आतून गढूळ पाणी गळलं. त्याला आंबट दुधाचा वास येत होता. पाइपचा फवारा मागच्या पंख्याच्या जाळीतून सरळ एसएमपीएसमध्ये गेला होता. एसएमपीएस म्हणजे घरातली वीज घेऊन कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा. तो जळाला होता. मदरबोर्ड नशिबानं वाचला.

"हे सुमननं ओतलं का, तात्या?" मी विचारलं.

रांगेत कुणीतरी खोकलं.

आडवा कॅबिनेट मी बरोबर आणला होता, आणि त्यात नवा एसएमपीएस असतोच. तासाभरात सगळं सामान त्यात घालून देतो म्हणालो. पण तात्यांचं परत तेच. आडवा नको. एवढ्या लोकांसमोर तर नकोच.

तेव्हा सुमन पुढं आली. "तात्या, ह्यो आडवा कुठं हाय? ह्यो बैठा हाय. बैठं घर आसतंय तसा. तुमी खुर्चीवर बसल्यावर तुमाला कोण आडवं म्हणतं का?"

तात्यांनी डोकं खाजवलं. शब्द तोंडात घोळवून बघितला. "बैठा. बैठा चालंल की." आणि लोकांकडं वळून म्हणाले, "पोरगी हुशार हाय. हिला कायम करा." अर्ध्या तासापूर्वी बिघडवणारी तीच होती. तिथल्या तिथं ठराव झाला, सह्या झाल्या. भाच्यानं पेन खिशाला लावलं. मला इतका आनंद झाला की मी पत्र्याची धार लागून बोट कापून घेतलं.

पण रांगेत आबा उभे होते. आबा म्हणजे विरोधी पॅनेलचे पुढारी. ते किटली घेऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, "तात्या बसले."

निवडणुकीत उमेदवार बसला म्हणजे त्यानं माघार घेतली. तात्यांची माणसं घाबरून आबांच्या घरी चहाला जायला लागली. तात्यांनी जीप काढली, भोंगा लावला आणि वाडीवाडीला सांगत फिरले, "मी बसल्यालो न्हाय, कॉम्प्युटर बसलाय."

हे माझ्या मुळावर आलं. कारण आमच्याकडं मशीन बसलं म्हणजे मशीन संपलं. दोन संस्था माझ्याकडं ऑर्डर देणार होत्या. दोघांचेही निरोप आले, तुमचा कॉम्प्युटर बसला म्हणं, आमी पुण्यातनंच आणतो.

तात्या पडले. आबा चेअरमन झाले. आल्या आल्या त्यांनी खुर्ची बदलली, शिपाई बदलला, भिंतीवरचं कॅलेंडर बदललं. मग सुमनच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ही तात्यांची भरती ना?" तिनं त्यांच्याच म्हशीचं दूध यंत्राला लावलं आणि पावती छापून हातात दिली. भाच्याच्या वहीत त्यांचं फॅट आयुष्यात कधी एवढं लागलं नव्हतं. आबांनी पावती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "चालू द्या."

सुमन त्या खुर्चीत पुढं कित्येक वर्षं होती. मी तेव्हापासून कोटेशनवर आडवा, उभा काही लिहीत नाही. नुसता मॉडेल नंबर टाकतो. आकडा ना पडतो, ना बसतो.