सुभेदारांची वांगी वाढत नाहीत

कोरेगावात माझं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. त्यात मालापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. मालाला निदान एक्स्पायरी डेट तरी असते! त्यात हल्ली घरातल्या घरात भाजीची रोपं करायचं खूळ आलंय. दह्याचे डबे, चहाचे कप, मिळेल त्यात बी टाकायचं आणि वाढलं नाही की पेशंट काखेत मारून माझ्या काउंटरवर आणायचा. मी थोडा फेकतो, हे सगळा गाव जाणतो. पण पुढचं खरं आहे. बरंचसं.

*

पहिला मान गुरुजींचा. रिटायर्ड माणूस. टोमॅटो फ्रिजवर ठेवलेले. रोपं दोऱ्यासारखी बारीक, लांबलचक, आणि सगळी एका अंगाला कललेली.

"गुरुजी, उजेड कमी पडतोय. खिडकीकडं झेपावलीत."

"म्हणजे आमच्या वर्गातली पोरंच की रं! मुळं इथं, मान पुण्याकडं!"

मी हसलो. मग आठवलं, गुरुजींचे दोन्ही मुलगे तिकडंच असतात. त्यांनी ट्रे खिडकीत ठेवला. टोमॅटो तेवढे सरळ झाले.

*

शोभावहिनींची मिरची पिवळी पडलेली. मातीचा नुसता चिखल.

"पाणी किती घालता?"

"रोज एक वाटी."

"मीबी एकच वाटी घालती," मागून सासूबाई म्हणाल्या.

दोघी एका चुलीवर राहतात, पण बोलणं बंद. मी म्हटलं, "दोघींतल्या एकीनंच घाला."

सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सांगा तिला."

"आवं मावशी, ती तुमच्या शेजारीच उभी हाय!"

"व्हय. सांगा तिला."

महिन्यानं दोघी परत हजर. मिरची वाळून काडी. आता दोघींनीही पाणी बंद केलं होतं!

*

संपतराव जन्माचे ऊसवाले. त्यांनी कपातल्या कोबीला मूठभर युरिया घातला.

"माझ्या उसाला एवढा चालतोय की!"

"संपतराव, हा ऊस न्हाई. ही कोबी हाय, आणि हा चहाचा कप हाय!"

"मग कप बारका पडला म्हणा."

कोबी मेली, पण चूक कपाची निघाली.

*

आता सुभेदार. मिल्ट्रीतून आलेले, बायको गेल्यापासून घरात एकटेच. मुलगा महेश पुण्याला चला म्हणून मागं लागलाय. घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. सुभेदारांनी त्याला शब्द दिलाय, "तुझ्या आईच्या माहेरच्या वांग्याचं बी टाकलंय. रोपं तयार झाली, की सांगलीला तुझ्या मामाच्या रानात लावतो आन् तसाच तुझ्याकडं येतो." फौजी माणसाचा शब्द!

पण रोपं दोन पानांवर आली आणि थांबली.

दर आठवड्याला सुभेदार दुकानात. फोनचा स्पीकर चालू. "महेश, दुकानातच हाय बघ. वाढंनात रं! गड्या, आणि एक बाटली दे."

मुळं वाढवायचं ह्युमिक दिलं, बुरशीचं औषध दिलं, माती बदलायला सांगितली. रोपं जागची हलेनात. सुभेदार मात्र दिवसेंदिवस टवटवीत!

*

शेवटी मीच इरेला पेटून त्यांच्या घरी गेलो. खिडकीत ऊन नुसतं सांडलेलं आणि खिडकी रिकामी. ट्रे कॉटखाली, जगण्यापुरती फट ठेवून वर पोतं टाकलेलं. शेजारी माझ्या सगळ्या बाटल्या, सील न फोडलेल्या, सावधानमध्ये एका ओळीत!

सुभेदारांनी चहा पुढं केला. "साखर बरी हाय का?"

"बरी हाय."

तेवढ्यात फोन वाजला. महेशच होता. सुभेदारांनी फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "महेश, हवाच बरोबर न्हाई बघ यंदा. लागतील अजून दिवस."

सुभेदारांनी माझ्या कपात परत चहा ओतला.

*

महेश पोरगा गुणी. दिवाळीला आला तो रोपांसाठीचा खास दिवा घेऊनच. ट्रे टेबलावर, वर दिवा, समोर कॅमेरा. पुण्यात बसून फोनवरनं दिवा लावायचा, फोनवरच रोपं बघायची!

"आबा, आता तुम्ही काहीच करायचं नाही. मी आहे ना!"

आठवड्यात वांगी चार पानांवर आली. महेशनं मला फोटो पाठवला, खाली टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सुभेदार दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसले. बाटली मागितली नाही, फोनही काढला नाही.

"गड्या, आपल्याकडं लाईट कवा जाती रं?"

"जाते की. दुरुस्तीला, गुरुवारी."

"गुरुवारीच?"

"गुरुवारीच. तीबी दुपारी परत येते."

सुभेदार खांबावरच्या तारांकडं बघत राहिले.

"पूर्वी बारा-बारा तास जायची," ते म्हणाले. "लय चांगले दिवस व्हते रं."