फायरप्लेसवरची वेल

उल्हास चौबळांनी एकतीस वर्षं पगार घेऊन वस्तू मोडल्या. मिशिगनमधल्या नोव्हायजवळच्या एका कंपनीत ते गाड्यांचे ब्रेक किती टिकतात हे तपासायचे. म्हणजे ब्रेक मशीनला लावायचा आणि तो हात टेकेपर्यंत त्याला तापवत, गोठवत, हादरवत बसायचं. सांगलीकडचा शांत माणूस, पण घरात नवी वस्तू आली की पहिला प्रश्न ठरलेला: "टिकेल का?" हा प्रश्न त्यांनी सोफ्याबद्दल विचारला, छपराबद्दल विचारला, आणि मुलगी आश्लेषा लग्न ठरवून आली तेव्हा जावयाबद्दलही विचारला, असं त्यांच्या बायको रत्नाबाई सगळ्यांना हसत सांगायच्या. खरंखोटं देव जाणे.

रत्नाबाईंचं सगळंच उलट. त्यांना हौस रांगोळीची, आणि रांगोळीइतकी न टिकणारी गोष्ट शोधून सापडायची नाही. तिकडे दिवाळीत दारात वारा तरी असतो नाहीतर बर्फ तरी, म्हणून त्या गॅरेजमधल्या सिमेंटवर काढायच्या. गाडी बाहेर उभी करायची, जमीन पुसून घ्यायची आणि मांडी घालून बसायचं. ठिपके नाहीत, आखणी नाही, समोर कागद नाही. "हात एकदा जागेवर बसला की आपोआप चालतो," म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी गाडी आत यायची आणि कमळाची वेल टायरखाली जायची. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते पार्किन्सन्सनंतर.

दोन वर्षांत चिमटीतून रांगोळी धड सुटेनाशी झाली. त्या दिवाळीत त्या अर्धी वेल तशीच सोडून उठल्या. संध्याकाळी फायरप्लेसपुढे बसल्या असताना म्हणाल्या, "अहो, ह्याच्यावर लाकडाची एक जाड फळी बसवा ना. मी तिच्यावर पेन्सिलीनं वेल काढून देते, तुम्ही कोरा. माझ्या हातची एक तरी राहू दे."

रिटायर झाल्यापासून उल्हासराव गॅरेजात कोरीवकाम करत असत. मित्रांच्या नावाच्या पाट्या, मंडळाच्या गणपतीचं मखर, असलं बरंच. पण रत्नाबाईंनी स्वतःसाठी काही मागितलं ते पहिल्यांदाच. आणि हात जो काही उरलाय तो महिनाभर पुरेल की दोन, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. उल्हासराव दुसऱ्याच दिवशी लाकडाच्या वखारीत गेले.

वखारीचा मालक डेल सत्तरी ओलांडलेला, कमी बोलणारा. काय करायचंय ते ऐकून घेतलं आणि त्यानं बासवुडची फळी ओढून काढली. पांढुरकी, हलकी, बघायला अगदीच अळणी. "बारीक काम असेल तर हेच ने," तो म्हणाला. "पेन्सिल जाईल तिकडे पटाशी जाते. कपचा उडत नाही."

उल्हासरावांनी फळीवर नख दाबलं. खूण उमटली. झालं! सागवानाच्या दारांत लहानाचा मोठा झालेला माणूस तो. नखानं खचणारं लाकूड त्याच्या लेखी आंब्याच्या पेट्यांचं.

"हे टिकेल का?" त्यांनी विचारलं.

डेल हसला आणि त्यानं दुसरी, ओकची फळी शेजारी टेकवली. "टिकायलाच हवं असेल तर ओक घे. तुझ्या पणतवंडांनाही पुरून उरेल. पण ओक हट्टी आहे. मोठी वळणं देतो. नाजूक काही मागितलंस तर तुकडा तोडून हातात देईल."

उल्हासराव बराच वेळ दोन्ही फळ्यांपुढे उभे राहिले. रत्नाची एकच वस्तू राहायची आहे, ती नखानं खचणाऱ्या लाकडात? मन घेईना. त्यांनी ओक घेतला. पाच फूट लांब, तीन इंच जाड.

घरी रत्नाबाईंनी फळीवरून हात फिरवला. "जड आहे हो."

"शंभर वर्षं काही होणार नाही हिला."

"मला कशाला शंभर?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. उल्हासरावांना हसू आलं नाही.

गोळी घेतल्यावर तासभर हात त्यातल्या त्यात ऐकायचा. तेवढ्या वेळात, चार दुपारी, रत्नाबाईंनी वेल काढली. मधे कमळ, दोन्ही बाजूंना वळत गेलेल्या फांद्या. रेघ थरथरत होती, पानं टोकाकडे बारीक बारीक होत गेली होती. तिसऱ्या दुपारी कमळाच्या डाव्या बाजूला हात अडकला. पेन्सिल एकाच जागी फडफडत राहिली, पुढे जाईना. रत्नाबाईंनी ओठ मिटले आणि वाट बघितली. उल्हासरावांना ते बघवेना, चहाचं निमित्त करून ते उठले. परत आले तेव्हा हात सुटला होता आणि वेल पुढे गेली होती. मागे रेघांचं एक छोटंसं जाळं राहिलं होतं.

मग उल्हासरावांनी पटाशी हातात घेतली. पहिल्याच पानाच्या थरथरत्या कडेला कपचा उडाला. दुसऱ्या पानालाही उडाला. डेलनं सांगितलेलं खरं होतं. आता रस्ते दोनच: वखारीत जाऊन बासवुड आणायचं, नाहीतर रेघ सरळ करायची. चार दुपारी तिला किती जड गेल्या ते त्यांनी पाहिलं होतं. पुन्हा बस म्हणायचा धीर होईना. आणि खरं सांगायचं तर, थरथर कोरायला त्यांचं मनही तयार नव्हतं. रत्ना अशी काढायची का? गॅरेजातल्या सिमेंटवर काय सणसणीत वळणं यायची! रोग कशाला कोरायचा लाकडात? त्यांनी ड्रॉइंग टेबलाच्या काळातला फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणं आखायची पट्टी, शोधून काढला, रबर घेतलं आणि सगळी वेल नीट करून घेतली. डावी फांदी उजवीच्या हुबेहूब जोडीची. आपण तिला तिचा जुना हात परत देतोय, अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत होती. जळली मेली ती समजूत.

काम तीन महिने चाललं. तोवर रत्नाबाई चाकाच्या खुर्चीत आल्या होत्या. फळी वर चढवायच्या आधी उल्हासरावांनी ती त्यांच्यापुढच्या टेबलावर आणून ठेवली.

"सुरेख झालीय हो," त्या म्हणाल्या. बोट वेलीवरून हळूहळू फिरत निघालं. कमळाच्या डावीकडे येऊन थांबलं. मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं.

"इथे माझा हात अडकला होता ना? ती जागा कुठे गेली?"

"ती नीट करून घेतली मी. ओकमध्ये तसलं बारीक..."

"हं." बोट उचलून घेत त्या म्हणाल्या, "म्हणजे ही तुमची वेल झाली. छान आहे." आवाजात राग नव्हता. राग असता तर उल्हासरावांना सोसला असता.

दुसऱ्या सकाळी वखार उघडायच्या आधीच ते दारात जाऊन उभे राहिले. डेलनं काही न विचारता बासवुडची फळी काढून दिली. घरी आल्यावर गोळीची वेळ साधून त्यांनी रत्नाबाईंच्या बोटांत पेन्सिल धरवली. ती निसटली. पुन्हा धरवली, पुन्हा निसटली.

"उद्या बघू या," रत्नाबाई त्यांनाच समजावत म्हणाल्या.

उद्या, परवा, पुढचा आठवडा. रोज तो प्रयोग व्हायचा आणि रोज फळी कोरी राहायची. श्रावण लागला त्याच आठवड्यात रत्नाबाई गेल्या.

दिवाळीत मंडळाची मृणालिनी फराळाचा डबा घेऊन आली. मूळची नागपूरची, दरवर्षी रत्नाबाईंच्या शेजारी बसून रंग भरायची. फायरप्लेसवर चढवलेली ओकची वेल पाहिली आणि तिचे डोळे भरले.

"काका, किती परफेक्ट केलंय यार तुम्ही! एक रेघ इकडची तिकडे नाही."

"चुकलंय ते."

"काहीतरीच काय काका! कुठे?"

उल्हासराव उठले. कमळाच्या डाव्या बाजूला त्यांनी बोट टेकवलं. मृणालिनीनं वाकून पाहिलं, मग फोनचा टॉर्च लावून पाहिलं. ओक गुळगुळीत होता.

"काका, इथे तर काहीच नाहीये."

"हो," उल्हासराव म्हणाले. "इथे रत्ना होती."