आत्याच्या कपाळावरची रेषा

आमच्या आत्याला मेल्यावर साडी नेसवली. कॉम्प्युटरवर.

मूळ फोटोत तिच्या अंगात टी-शर्ट आणि ट्रॅकपँट होती. नालासोपाऱ्याच्या स्टुडिओवाल्याने मानेखालचं सगळं कापलं, तिथे हिरवी जरीची साडी लावली आणि मागे निळा पडदा सोडला.

दुसरा फोटोच नव्हता.
घरातल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये आत्या आहे, पण पाठमोरी, हातात पातेलं घेऊन. नाहीतर अर्धी, कोणाच्या तरी खांद्यामागे.

कॅमेऱ्याकडे बघून हसलेली आत्या एकाच फोटोत आहे. तो मी काढला. नामिबच्या वाळवंटात, वाळूच्या टेकडीवर.

हो. आफ्रिकेत.

आमच्या गास गावच्या मंडळींनो, जरा बसून घ्या.

तुम्हाला सांगितलं होतं की आत्या तीन आठवडे माझ्याकडे एव्हरशाईनच्या फ्लॅटवर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, भेटायला येऊ नका, इन्फेक्शन होतं.

मोतीबिंदू झालाच नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी ती माझ्याबरोबर केप टाउनला ट्रकमध्ये चढली. खिडक्या लावलेला उंच ट्रक, आत वीस सीटा, पोटात तंबू आणि भांडी. नामिबचं वाळवंट, एतोशाचं अभयारण्य, कलहारी, शेवटी ओकावांगोची पाणथळ. तंबू आपला आपण ठोकायचा, भांडी पाळीपाळीने घासायची.

जायच्या आधी दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, खूप समजावलं.
"आई, काशीला जा. चारधाम कर. मी स्वतः नेतो."
"काशीला लोक सुटायला जातात. मला अजून सुटायचं नाय."
"विधवा बाई, तंबूत, गोऱ्या लोकांबरोबर. गावात काय सांगू मी?"
"मी जाते. मागनं काय सांगायचं ते तू बघ."

दादाने बघितलं. मोतीबिंदू निघाला.

त्या ट्रकवर धुतलेली भांडी पुसायची नसतात, हवेत हलवून वाळवायची असतात. पहिल्याच संध्याकाळी परदेशातले रिटायर्ड लोक दोन्ही हातांत ताटल्या घेऊन गंभीरपणे हलवताना बघून आत्या म्हणाली, "आरती कोनाची चाललीय ही?"
आणि दोन ताटल्या उचलून त्यांच्यात घुसली.

एतोशाच्या पाणवठ्यावर ती चार तास जागची हलली नाही. झेब्रे आले, हरणं आली. मग एक हत्ती आला आणि सगळे निमूट बाजूला झाले. तो आरामात प्यायला, अंगावर उडवून घेतलं, थोडं सांडलं, मग निघाला.
"इथं पन नगरसेवक हायेत," आत्या म्हणाली.

आणि ती टेकडी. पहाटे सगळे दर दहा पावलांना धापा टाकत थांबत होते. आत्या चपला हातात घेऊन सरळ वर. चाळीस वर्षं वाडीतली भाजी टोपलीत भरून, डोक्यावरून सोपाऱ्याच्या बाजारात नेलेली बाई ती.
"डोक्यावर नुसती टोपी. चढायला काय होतंय?"

वर पोचल्यावर तिने टोपी काढली. सहा दिवसांच्या उन्हाने काम केलं होतं. वरचं कपाळ उजळ, खाली चेहऱ्याचा तवा, मधे सरळ रेषा. मी क्लिक केलं.

परत आल्यावर दोन आठवडे तिला काळा चष्मा घालून घरात बसवलं. शेजारणी विचारायच्या, "डोळ्याच्या ऑपरेशनने माणूस काळं कसं पडलं?"
दादा सांगायचा, "औषधं उष्ण आहेत."

यावर आम्ही दोघी खूप हसलो. नंतर हसू येईना.

कारण आत्याकडे एवढा हत्ती होता आणि सांगायला कोणी नव्हतं. ओट्यावर बायकांना डोळ्यात थेंब किती वेळा घातले ते सांगत बसायचं.
दुपारी मला फोन करायची. "तो हत्ती आठवतो का गं तुला?"
जी ट्रिप मी तिच्या शेजारच्या सीटवर बसून केली, ती ती मला पहिल्यापासून सांगायची. वर्षभर. मीपण विचारायचे, "मग काय झालं?"

मग एका दुपारी फोन आला नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. काल दादाबरोबर फ्लेक्स फायनल करायला स्टुडिओत गेले. वर आत्या, खाली पंचवीस शोकाकुल. त्यातले निम्मे गॉगल लावून, निम्मे मोबाइल कानाला लावून शोक करतायत.

दादा म्हणाला, "कपाळावर प्रिंट बिघडलीय. घरच्या फ्रेममध्येपण तशीच आहे. एकसारखा रंग करून टाक."
स्टुडिओवाला म्हणाला, "दोन मिनिटांचं काम."
मी म्हटलं, "दादा, ते ऊन आहे."
"कसलं ऊन?"

वर्षभर रोज त्या फोटोला हार घातला याने. ट्रिपचे फोटो बघायला त्याने तेव्हाच नकार दिला होता. ती गेली त्या दिवशीच्या गडबडीत मूळ फोटो मी थेट स्टुडिओवाल्याला पाठवलेला.
आता मोबाइल त्याच्या हातात दिला.

"साडी तुझी, पडदा तुझा. रेषेला हात लागला तर माझं नाव शोकाकुलमधून काढ."

तो बराच वेळ झूम करून बघत राहिला.
"केवढी हसतेय," म्हणाला.
मग स्टुडिओवाल्याला, "राहू दे तसंच."
मग मला, हळूच, "लोक विचारतील गं."
"विचारू देत. सांग, माझी आई वाळवंटात गेली होती."
"दोन वर्षं मोतीबिंदू सांगितलाय मी. मला नाही जमणार. तू सांग."

ठीक आहे. सांगते.

गासच्या नाक्यावर सकाळपासून फ्लेक्स लागलाय. त्यातली साडी खोटी. पडदा खोटा. मोतीबिंदू तर साफ खोटा होता.
कपाळावरची रेषा तेवढी खरी. तिने स्वतः कमावलेली.

मूळ फोटो खाली टाकलाय, ट्रॅकपँटसकट. ज्यांना लाज वाटेल त्यांनी काळा चष्मा लावून बघावा. आमच्याकडे एक पडून आहे.
आणि ओट्यावरच्या बायांनो, हत्तीचं ऐकायला माझ्याकडे या. मला पाठ आहे.

आत्या, तू गेलीस.
मागनं काय सांगायचं ते मी बघितलं.

नमस्कार.