वाकडी दाढ आणि तीन टिंबांची फाइल

आज कळंबच्या माझ्या दवाखान्यात बोअरवेलच्या गाडीवर काम करणारे एक काका रूट कॅनालला आले होते. मी मशीनला फाइल, म्हणजे दाताची नळी साफ करायची बारीक लवचिक सुई, लावली तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"डॉक्टर, ही आधी किती दातांत गेलीय?"

खरं सांगते, राग आला. निर्जंतुक केलेली आहे, असं मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"ते झालं. पण झिजलीय किती?"

आमच्याकडं प्रत्येक वापरानंतर फाइलच्या पाकिटावर एक टिंब काढतात. तीन टिंबं होती, म्हणजे आमच्या रिवाजानं अजून एक दात चालला असता. तरी भिंगाखाली धरली, तर टोकाजवळचे पीळ किंचित उकललेले, म्हणजे वाकड्या मुळात तुटून अडकायची भीती. ती फेकली, नवी काढली. काकांच्या दाढेच्या वाकड्या मुळांतून ती अलगद उतरली.

जाताना काका म्हणाले, "आमचं खोदायचं बिट आत तुटलं तर आमी शेजारी दुसरा बोअर पाडतो. तुमाला तेवढी जागा न्हाय."

दिवसभर मी खुशीत आहे. तुमच्या कामातली कोणती वस्तू तुम्ही नुसती मोजता, बघत नाही?