उसवलेली शाल

त्या हिवाळ्यात मी एकाच वेळी चार कामं विणायला घेतली होती. वडिलांचा मरून स्वेटर, पुतणीच्या बाळासाठी पिवळी शाल, दारासाठी क्रोशाचं तोरण आणि गॅलरीत नायलॉनच्या पट्टीने अर्धी विणलेली लोखंडी बाज. जळगावात राहून लोकर विणते म्हटलं की बाहेरगावचे लोक हसतात. आमचा मे महिना त्यांनी ऐकलेला असतो, डिसेंबरातली पहाट त्यांना ठाऊक नसते.

खालच्या मजल्यावर थोरली जाऊ राहायची. अजूनही राहते. तिला मी अक्का म्हणते. सावद्याकडची, केळीच्या बागा असलेल्या घरातली, आवाज खणखणीत. सासूबाई गेल्यावर आमच्या चुली वेगळ्या झाल्या, जिना मात्र एकच राहिला. कुणीही पाहुणा आला की ती वर बोट दाखवून म्हणायची, "आमच्या धाकटीचं काय विचारता! हात दहा ठिकाणी, पुरं एकही नाही." मला ऐकू जाईल अशा बेतानेच ती हे बोलायची, आणि मीही दार मुद्दाम उघडं ठेवून ऐकायची.

माझी कामं पुरी होत नसत, हे खोटं होतं. ती एकामागून एक होत नसत, एवढंच. तोरण मी एस.टी.त विणायची, कारण गाडीला गचका बसला तरी क्रोशाच्या सुईवरचा टाका निसटत नाही. शाल टीव्हीसमोर, कारण तिचा नमुना हाताला पाठ झाला होता. स्वेटर सकाळी, डोकं शांत असताना. आणि बाज राग आल्यावर, कारण पट्टी जोर लावून ओढावी लागते. त्या वर्षी बाज बरीच पुढे गेली होती.

स्वेटर वडिलांनी स्वतः मागितला होता. ते धुळ्याला एकटेच राहतात. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. पडल्यामुळे त्यांचा उजवा खांदा वर होत नव्हता, म्हणून डोक्यातून घालावा लागणार नाही असा, पुढे बटणांचा स्वेटर हवा होता. पहाटे पांझरेच्या काठाने फिरायला जायची त्यांची सवय खांद्याने मोडली नव्हती. "लांब बाह्यास्ना कर," एवढंच फोनवर अहिराणीत म्हणाले. मी मरून लोकर मोजून आणली. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, एक बाही झाली. दुसरी बाही कोपरापर्यंत आली होती.

शालीचं मात्र अक्कानेच सांगितलं होतं. तिच्या मुलीला सातवा लागणार होता आणि डोहाळजेवण धुळ्याला, मुलीच्या सासरी ठरलं होतं. कित्येक महिन्यांनी अक्का जिना चढून वर आली आणि न बसताच म्हणाली, "तुझ्याकडून बाळाची शाल यायला पाहिजे. तिच्या सासूला मी सांगून ठेवलंय."

"मला विचारून सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? तुझ्याच मांडीवर वाढली ना ती?"

ते खरं होतं, म्हणून मी पिवळी लोकर आणली.

डोहाळजेवणाच्या दहा दिवस आधी मी वडिलांकडे दोन दिवस राहून आले. माझ्या घराची एक किल्ली खाली असते, पाणी भरायचं असतं म्हणून. परत आले, पिशवी ठेवली आणि विणकामाच्या टोपलीकडे गेले. दुसरी बाही नव्हतीच. मनगटाची बोटभर पट्टी उरली होती आणि तिचे सुटे टाके तोंड उघडून बसले होते. दहा नंबरच्या सुया गेल्या होत्या. उरलेला मरून गुंडाही गेला होता.

मी तशीच खाली गेले. अक्का सोफ्यावर बसून बाळाचं टोपडं विणत होती. पांढरं टोपडं, मरून काठ. माझ्या सुया तिच्या हातात होत्या.

"अक्का, ही बाही तुम्ही उसवली?"

"कुठली बाही? ते पडूनच होतं की तिथं." तिने सुई थांबवली नाही. "तुझी शाल काही वेळेवर होत नाही, हे मला दिसत होतं. म्हटलं, आपणच करावं काहीतरी. हातात थोडी लोकर कमी पडली."

"तो वडिलांचा स्वेटर आहे."

"मग? लोकर काय बाजारात मिळत नाही? चार-चार कामं काढून ठेवतेस आणि एकातली सुई घेतली तर अंगावर धावून येतेस."

मी मागे फिरून जिना चढले. दुपारी बाजारात तीन दुकानं हिंडले. मरून सगळीकडे होता, माझा मरून कुठेच नव्हता. एक विटकरीकडे झुकणारा, एक जांभळट. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने तुकडा उजेडात धरून सांगितलं, "ताई, हा माल संपला. आता पुढचा आला तरी रंग थोडा इकडेतिकडे असणारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी शाल घेऊन खाली गेले. शेवटच्या काठाच्या आठ ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. अक्का मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले, सुई काढली आणि धागा ओढायला सुरुवात केली.

आधी तिला कळलं नाही. मग तिचे हात थांबले. "काय करतेस?"

मी ओढत राहिले. टाके एकेक करून सुटताना बारीक टकटक होते, ती त्या खोलीत ऐकू येत होती. ओळ संपली की मी धागा गुंडाळायची, पुन्हा ओढायची. महिनाभराचं काम होतं, उसवायला तासही लागला नाही. एवढा वेळ आम्ही दोघी एका खोलीत कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. गुंडा झाल्यावर मी तो मेथीच्या ताटाशेजारी ठेवला.

"घ्या. लोकर कमी पडत होती ना?"

"तुझं डोकं फिरलंय," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

जिना चढताना मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटत होतं. यांनी विचारलं तर मी सांगितलं, "उसवली." हे पेपर उघडून बसले.

डोहाळजेवणाला मी साडी, खण आणि नारळ घेऊन गेले. अक्का त्याच गाडीत पुढे बसली होती, मी मागे. पारोळा गेलं, धुळं आलं. तिथे हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत पुतणी झोपाळ्यावर बसली होती. ओटी भरून झाल्यावर ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"काकू, आई म्हणते तुमची शाल राहून गेली. खरं का?"

मला हो म्हणता आलं असतं. "राहिली नाही," मी म्हटलं. "होत आली होती. मीच उसवली." आणि मग बाहीचं, सुयांचं, टोपड्याचं सगळं सांगितलं. माझी बाजू एवढी उघड होती की ती माझा हात धरेल, असं मला वाटत होतं.

तिने हात धरला नाही. "ती शाल कुणासाठी होती?"

"तुझ्या बाळासाठी."

"मग आईच्या समोर बसून का उसवलीत? माझ्यासमोर उसवायची होती."

ती उठली, कपाटातून ते पांढरं टोपडं काढलं आणि बाहेर जाऊन आईच्या हातात दिलं. सासरच्या चार बायका बघत होत्या. "हे घेऊन जा," ती शांतपणे म्हणाली. "काकूंचंही नको आणि तुझंही नको. माझ्या बाळाचं नाव घेऊन भांडू नका तुम्ही." अक्काचं तोंड एवढंसं झालं. ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मी जेवले नाही. रिक्षा करून वडिलांकडे गेले. पिशवीत त्यांचा स्वेटर होता. दुसरी बाही मी विटकरी मरूनची केली होती. त्यांनी खांदा सांभाळत तो अंगात घातला आणि आरशात न बघताच बटणं लावली.

"बाह्या वेगळ्या दिसतात," मी म्हटलं.

"दिसू दे. ऊब ते सारखीच शे ना?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "बठ्ठी शाल उसवी टाकी?"

"हो, सगळी."

"पोरनी तुन्हं काय बिघाडं?"

मी त्यांच्यावरही चिडले. स्वेटर तुमचाच होता, मी म्हटलं, तुमच्यासाठीच भांडले. ते म्हणाले, "मी भांडाले कव्हय सांगं?" आणि चहा ठेवायला आत गेले. मी चहा न घेता संध्याकाळच्या गाडीने निघाले. गाडीत हातात तोरण घेतलं, पण एकही टाका विणला नाही.

पुतणीला मुलगी झाली. तिचा फोटो मला यांच्या फोनवर दिसला, माझ्या फोनवर आला नाही. दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन आला. बाळ रात्री जागतं, टकामका बघतं, एवढंच बोलली. आता पंधरा दिवसांतून एकदा करते. शालीचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. त्या मुलीसाठी मी अजून काही विणलेलं नाही. विणू का, असं विचारायची हिंमत होत नाही.

अक्काशी बोलणं तेव्हापासून बंद आहे. नळाला पाणी आलं की तेवढी ती जिन्याखाली येऊन उभी राहते.

"मोटार लावू का?"

"लावा," मी वरूनच सांगते.