मुकी अल्फा

चिमणीला हे नाव दादानं ठेवलं, कारण लहानपणी तिचं तोंड मिटत नसे. आता चाळिशीला टेकली तरी ते नाव सुटलं नाही. शाळेत असतानाच तिची दृष्टी गेली आणि पुढची कितीतरी वर्षं एकाच वाक्यात गेली, "जरा येऊन वाचतोस का?" समोरून उत्तर यायचं, "आलो हं." या "आलो हं"एवढं लांबलचक जगात दुसरं काही नसेल. औषधाची बाटली असो की परीक्षेचा निकाल, चिमणी ते हातात धरून बसायची आणि घरातले सगळे येतच असायचे. वाईट कुणीच नव्हतं. प्रत्येकाला आपापली कामं होती.

मग कॉम्प्युटर बोलायला लागला. एक ऑपरेटिंग सिस्टीम होती, म्हणजे मशिनचा आतला सगळा कारभार बघणारी यंत्रणा. तिचा मालक कुणी नव्हता. देशोदेशीची माणसं फावल्या वेळात ती लिहायची, आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून बघावं, बदलावं, फुकट वापरावं. तिच्यात एक आवाज होता. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवी. त्याच्या जोरावर चिमणीनं एका इस्पितळाचं काम धरलं. डॉक्टर एक्स-रे बघून बोलत, ती ऐकून टाइप करी. आजारांची आडदांड नावं नीट कशी उच्चारायची हे तिनं त्या आवाजाला एकेक करून शिकवलं होतं. तो दिवसभर तिच्याशी बोले, आणि "जरा येऊन" हे शब्द तिच्या तोंडून गेले ते गेलेच.

या उपकाराची फेड म्हणून ती परीक्षक झाली. नवी आवृत्ती यायच्या आधी तिचं कच्चं रूप येतं, त्याला अल्फा म्हणतात. शहाण्या माणसानं ते लावू नये, असं बनवणारेच सांगतात. ज्यांना हौस आहे त्यांनी लावावं, कुठे आपटलो ते कळवावं. चिमणी प्रत्येक अल्फा लावी. तिची पहिली परीक्षा साधी असे. पेन ड्राइव्हवरून मशिन सुरू करायचं आणि कान द्यायचा. आवाज बोलला की तिचा जीव भांड्यात पडे.

या वेळची अल्फा बोललीच नाही.

चिमणीनं हेडफोन बदलून पाहिला, आवाज सुरू करायची नेहमीची कळ दाबली, पुन्हा दाबली. मशिन ढिम्म. तिनं अक्षरं बोलून दाखवणाऱ्या फोनवरून तक्रार लिहिली. सिस्टीम बनवणाऱ्या मंडळींचा एक प्रमुख होता, कधी न भेटलेला. लोकांच्या तक्रारींतल्या चुका काढायची त्याला खोड होती, म्हणून चिमणी त्याला मास्तर म्हणे. मास्तरचं उत्तर आलं, "माझ्याकडे आवाज येतो. कोपऱ्यातलं कानाचं चित्र दाबा."

"ते चित्र सापडायला डोळे लागतात," चिमणीनं लिहिलं.

"कळ चालत नसेल तर सिस्टीम पूर्ण लावा आणि मशिननं आत केलेली नोंद पाठवा. नोंदीशिवाय मी काही करू शकत नाही. येत्या आठवड्यानंतर मोठ्या दुरुस्त्या घेणार नाही."

मास्तरला आठवड्याची घाई होती, चिमणीला जन्माची. कारण इस्पितळानं कळवलं होतं की यापुढे जुन्या आवृत्तीवरून त्यांच्या कामात शिरता येणार नाही, नवीच हवी. नवी मुकी निघाली तर तिचं काम गेलं. आणि काम गेलं की पुन्हा हातात बाटली धरून बसणं आलं.

दुपारची वेळ. दादा त्याच्या छापखान्यात, वहिनी स्वयंपाकघरात. एक हाक मारली असती तर वहिनी आली असती, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचलं असतं. पण हाक मारावी लागत नाही, हेच तर चिमणीनं आयुष्यात कमावलं होतं. शिवाय सिस्टीम लावतानाचे प्रश्न तिला पाठ होते. आधी भाषा, मग कीबोर्ड, मग कुठल्या डिस्कवर लावायचं. लॅपटॉपच्या आतली डिस्क कामाची. बाहेरून वायरीनं जोडलेली डबी कच्च्या अल्फांसाठी. यादीत आतली पहिली, डबी दुसरी. एक बाण खाली, एंटर. हे ती झोपेतही करू शकली असती.

तिनं तेच केलं. बाण खाली. एंटर. विचारलं जातं ते "नक्की ना?" तिला ऐकू आलं नाही, पण तिथेही एंटर लागतो हे ठाऊक होतं. एंटर.

मग तिनं सवयीनं डबीवर तळहात ठेवला. काम सुरू झालं की डबी थरथरते. डबी गार होती. थरथर डाव्या मनगटाखाली होती, लॅपटॉपच्या पोटात.

नव्या मांडणीत कुणीतरी यादी उलटी केली होती. डोळसाला तांबड्या अक्षरांत इशारा दिसला असता. चिमणीनं वायर उपटली, बॅटरी ओढून काढली, पण आतल्या डिस्कवरचं जायचं ते गेलं होतं. ती कीबोर्डवर डोकं ठेवून रडली, तेही तोंडात पदर कोंबून, वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी दादा आला. त्याला सांगावंच लागलं. त्यानं खुर्ची ओढली आणि कपाळावर हात मारला.

"चिमणे, हे लष्करच्या भाकऱ्या भाजायचं तुला सांगितलं कुणी? लोक बाजारातून तयार आणतात ना?"

"तयार बोलकं आणलं तर ते त्यांच्या मर्जीनं बोलतं, दादा. हे बिघडलं तर निदान भांडता तरी येतं."

"मग भांड. पण आता काय?"

"आता डबीवर लाव. मी सांगते तसं. आणि वाच."

दादा वाचायला बसला. एकेक अक्षर सोडवत, मध्येच "हे काय भलतंच" म्हणत, नको ते ओरडून आणि हवं ते गाळून. चिमणी दात आवळून ऐकत राहिली. शेवटी नोंद निघाली आणि गेली. दादानं दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या मशिनवरून जुनी आवृत्ती उतरवून आणली आणि आवाज परत आला, पण शिकवलेलं सगळं विसरून. साध्या न्यूमोनियापाशी तो अडखळू लागला. चिमणीनं त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं आणि मास्तरच्या उत्तराची वाट बघू लागली.

उत्तर आलं, आणि या वेळी त्यात चुका काढलेल्या नव्हत्या. "तुमचं खरं आहे. कळ तुटलेली आहे, यादीही आम्हीच उलटली. मला वाईट वाटतं. पण आवाजाचा भाग सांभाळणारा एकटाच माणूस होता, तो सोडून गेला. आता तिथे हात घातला तर बाकीचं कोसळेल. पुढच्या आवृत्तीत बघू."

चिमणीनं विनवण्या केल्या. स्वतः शिकून दुरुस्त करीन, म्हणाली. दुसऱ्या आंधळ्या माणसांना गोळा केलं, त्यांनीही लिहिलं. प्रत्येकाला मास्तरनं सभ्यपणे तेच उत्तर दिलं. भांडायला समोर वाईट माणूस तरी हवा, तोही मिळेना.

नवी आवृत्ती ठरल्या दिवशी बाहेर पडली. सोबत नेहमीसारखं निवेदन होतं, नवीन काय आणि राहून काय गेलं याचं. चिमणीनं ते जुन्या मशिनवर उघडलं आणि आवाज वाचू लागला. त्याला सगळं सारखंच. छाती स्वच्छ आहे हे तो ज्या सुरात वाची, त्याच सुरात गाठ आहे हेही वाची. त्याच सुरात त्यानं वाचलं, "ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांनी सिस्टीम लावताना शेजारी एखादी डोळस व्यक्ती बसवावी."

चिमणीनं ते पुन्हा वाचून घेतलं. आवाज एकदाही अडखळला नाही.

इस्पितळानं दिलेली मुदत संपत आली होती. तिनं नवी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. खोली शांत झाली. मग तिनं हाक मारली.

"वहिनी, जरा येऊन वाचतेस का?"

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला, आणि त्यामागून वहिनीचा.

"आले हं."