एका माणसाचा तवा

पदराने पेट घेतला तेव्हा मी गॅसवरून हात लांबवून फळीवरचा डबा काढत होते. आधी वास आला, मग डाव्या हाताला चटका बसला. जवळ पाण्याने भरलेला गंज होता. तो उचलून अंगावर ओतला. पदर विझला. अर्धं पाणी तापलेल्या बिडाच्या तव्यावर पडलं आणि तवा धिरड्यासकट मधोमध तडकला.

सासू म्हणायची, तापल्या तव्यावर पाणी टाकलं की घरातलं माणूस जातं. माणसाचं मला माहीत नाही, तवा मात्र जातो. लोखंड वाकलं तर लोहार ठोकून सरळ करतो. बिडाला भेग गेली की कोणी जोडून देत नाही. हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आले.

शेजारीण वासाने आली.

"काकू, काय जळून राह्यलं?"

"धिरडं."

"धिरड्याले लुगड्याचा वास काऊन येते?" मग तिने हात पाहिला, मलम आणलं. "पुण्याले फोन लावू का?"

"लावशील तर तुह्या दारात पाय ठेवणार नाई."

तिने लावला नाही. पुण्याला माझा मुलगा असतो. नवरा गेला तेव्हाच तो म्हणाला होता, "माय, एकदा जरी काही झालं, तर मी तुले इथं ठेवणार नाई." मी त्याच्याकडे महिनाभर राहून आलेली आहे. सून चांगली आहे. कपसुद्धा विसळू देत नाही. सकाळी उठून खिडकीजवळ बसायचं आणि जेवायला बोलावतील तेव्हा उठायचं. मला ते नको होतं. इथेही घरात बोलायला कोणी नाही, पण चूल माझी आहे.

हात बरा झाल्यावर सेलूच्या बाजारात गेले. तवेवाल्याने सगळ्यात मोठा तवा पुढे केला. मी त्याचा कान बोटावर टांगला आणि घराच्या किल्लीने टोला दिला. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं. हा ठस्स वाजला.

"फुटका आहे."

"मावशी, तुमाले ऐकू कमी येत असन."

"कमीच येते. तरी समजलं."

तो हसला आणि दुसरे काढू लागला. काळा रंग मारून चकचकीत केलेले मी बाजूला ठेवले, कारण रंगाखाली खड्डे लपतात. बाकीच्यांवरून बोट फिरवून पाहिलं. एक पसंत पडला, पण एका हाताने उचलेना.

"घरी माणसं किती?" त्याने विचारलं.

"एक."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे नाईत."

ढिगाच्या तळातून त्याने ताटलीएवढा तवा काढला. तो खणखणीत वाजला आणि माझ्या हातात राहिला. एवढासा तवा मी कधी घरात आणला नव्हता. जुन्या तव्यावर सात माणसांचं झालं होतं.

नवं बीड लगेच वापरता येत नाही. राखेने घासलं, गॅसवर कोरडं केलं, जवसाचं तेल फडक्याने अगदी पातळ पुसलं आणि धूर येईपर्यंत तापवलं. असं चार दिवस केलं. जास्त तेल लावलं तर ते चिकट होऊन बसतं. पाचव्या दिवशी अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला आणि धिरडं टाकलं. पहिलं चिकटलं. उलथन्याने खरवडून खाल्लं. दुसरं सुटलं. तेव्हापासून त्याला साबण लावत नाही, ओला ठेवत नाही.

पुढच्या महिन्यात मुलगा आला.

"जुना तवा कुठं गेला?"

मी खोटं बोलत नाही. हात दाखवला आणि झालं ते सांगितलं. त्याने डागावरून बोट फिरवलं.

"बॅग भरजो."

"भरत नाई."

"पुढच्या वेळी पाणी जवळ नसलं तर?"

मी पीठ कालवलं. तव्यावर एका वेळी एकच छोटं धिरडं होत होतं. ते त्याच्या ताटात टाकलं की तो लगेच संपवायचा आणि दुसरं होईपर्यंत रिकाम्या ताटाकडे बघत बसायचा. आठ खाल्ली. मग उठून बाहेर गेला आणि दोन मॅक्सी घेऊन आला.

"साडी नेसून गॅसजवळ जायचं नाई. सकाळ-संध्याकाळ फोन उचलायचा. कबूल असन तर राह्य."

मॅक्सी घालणाऱ्या बायकांना मी फार हसले आहे. कबूल केलं.

शेजारीण म्हणाली, "काकू, पुण्याची हिरोईन दिसता." मी तिला ताक मागितलं.

तो गेला. आता मॅक्सी घालून रांधते. सकाळी फोन येतो, "जेवली का?" मी म्हणते, "जेवली." मग संध्याकाळपर्यंत बहुतेक दिवशी तोंड उघडत नाही. शेजारीण पोरीच्या बाळंतपणाला वर्ध्याला गेली आहे. पदर पेटला त्या दिवशी घरात दुसरं कोणी नव्हतं. मी होते आणि मी वाचले.